३२ बोअरचे आखूड पिस्तूल: आवरणाची गोळी की पोकळ टोकाची?

ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या परवान्यावर ३२ बोअरचे आखूड नळीचे पिस्तूल बाळगणाऱ्याने पूर्ण धातू-आवरणाची गोळी घ्यावी की पोकळ टोकाची, हे मुख्यतः वेगावर ठरते. पोकळ टोक आदळल्यावर उमलण्यासाठी, म्हणजे पसरून रुंद होण्यासाठी, पुरेसा वेग लागतो; आखूड नळीत तो घटतो, त्यामुळे टोक अनेकदा उमलत नाही आणि उमललेच तर गोळी पुरेशी खोल जात नाही. शिवाय या काडतुसाच्या बुडाची कड किंचित बाहेर आलेली असल्याने, पोकळ टोकाचे काडतूस लांबीला कमी असेल तर मॅगझिनमध्ये (पिस्तुलात काडतुसे भरायच्या पेटीत) कडा एकमेकींत अडकतात, आणि ऐन प्रसंगी ते निस्तरायला सवड नसते. आवरणाची गोळी आरपार जाऊन भलत्यालाच लागू शकते, हा ठाण्यातल्या नौपाड्यासारख्या दाट वस्तीत गंभीर दोष आहे. तरीही या बोअरमध्ये मी तीच निवडेन.