मॉलचा रविवार की कमाटी बागेचा?
बडोद्यात पगार तिथेच, भाव मात्र चढलेत, त्यामुळे दर रविवारी हाच वाद. मॉलमध्ये एसी असतो, मे महिन्यात तेवढ्यासाठी जावंसं वाटतंच, पण चौघांची सिनेमाची तिकिटं, वर पॉपकॉर्न, म्हणजे आठवड्याची भाजी गेलीच समजा. कमाटी बाग सयाजीरावांनी १८७९ मध्ये लोकांसाठी केली, आत म्युझियम, तिकीट किरकोळ, आणि तिथला निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडा बघताना पोरं हलायला तयार नसतात, शिवाय इजिप्तची ममी पण आहे. उन्हाळ्यात दुपारी म्युझियम, ऊन उतरलं की बाग, मग सेव-उसळ, तरी परत मागायची, लाजायचं काय त्यात! माझं मत बागेलाच. सासूबाईंना मात्र सरकता जिना आवडतो, त्यांना महिन्यातून एकदा मॉल, खरेदी न करता.