बेळगाव कॅम्पातला एस्तेरचा क्लास, सहा रविवार (५ पैकी ४ स्टार)

आधीच सांगते, मी ख्रिश्चन नाही, ज्यू तर नाहीच, आमचं शहापूरला साड्यांचं दुकान आणि घरी गौरी-गणपती सगळं साग्रसंगीत. मैत्रीण म्हणाली चल गं, एकटीला कंटाळा येतो, म्हणून गेले आणि सहाच्या सहा रविवार बसले. फी ५०० रुपये, झेरॉक्स धरून.

पहिल्या दिवशी सरांनी बायबलच्या जुन्या करारातलं एस्तेरचं पुस्तक हातात दिलं, दहाच अध्याय, आणि म्हणाले यात देवाचं नाव शोधून आणा, सापडलं तर फी परत. आठवडाभर दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी तेच शोधत बसायची, आई विचारायची काय वाचालीस गं एवढं. नाहीच सापडत! हिब्रू मूळ पुस्तकात देवाचा उल्लेखच नाही, नंतरच्या ग्रीक आवृत्तीत मात्र प्रार्थना वगैरे घातल्यात आणि तिथं देव आलाय. सर म्हणाले बघा, ज्यांनी त्या घातल्या त्यांनाही चुकल्यासारखं वाटलं असणार.

गोष्ट थोडक्यात अशी की इराणातल्या शूशनचा राजा अहश्वेरोश, हिंदुस्तानापासून कूशपर्यंत (म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेला) १२७ प्रांत त्याचे. त्याची राणी एस्तेर ज्यू आहे हे त्याला माहीतच नाही, आणि त्याचा मंत्री हामान सगळ्या ज्यूंना मारायचं ठरवतो, का तर एस्तेरला वाढवणारा मर्दखय त्याच्यापुढे वाकत नाही. दिवस ठरवायला चिठ्ठ्या टाकतो, त्या चिठ्ठीला ‘पूर’ म्हणतात, त्यावरून पुरीम, ज्यू यातून वाचले त्याचा सण.

पहिल्या अध्यायात राजाच्या मेजवानीतले पडदे आहेत, पांढरे निळे, चांदीच्या कड्यांना लावलेले. तिथं कापडासाठी हिब्रूत ‘कर्पस’ शब्द आहे म्हणे. मी मागून ओरडलेच, सर कापूस! तर खरंच, आपल्या संस्कृत कर्पासातूनच तो तिकडे गेलाय. जन्म सुती साड्या विकण्यात गेला आणि ही गोष्ट मला आत्ता कळाली.

आणि एक, राजाचं पत्र प्रत्येक प्रांताला त्यांच्या लिपीत आणि प्रत्येक लोकांना त्यांच्या भाषेत जायचं, असं पुस्तकात परत परत येतं. सरांनी हे वाचलं आणि अख्खा हॉल हसायला लागला, आता बेळगावात का हसले ते वेगळं सांगायला नको. सर स्वतः निम्मं मराठीत निम्मं कन्नडमध्ये शिकवतात त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

सगळ्यात भारी चौथा रविवार. सहावा अध्याय, एवढ्या एका अध्यायावर दीड तास. राजाला रात्री झोप येत नाही, बस एवढंच घडतं. मग तो दप्तर वाचून दाखवा म्हणतो (झोप यायला सरकारी दप्तरासारखं औषध नाही, हे माझं मत), त्यात निघतं की मर्दखयनं राजाचा जीव वाचवला होता आणि त्याला काहीच दिलं नाही. तेवढ्यात हामान अंगणात येतो, आलेला असतो मर्दखयला फाशी द्यायची परवानगी मागायला, आणि राजा विचारतो ज्याचा मान करायचाय त्याला काय द्यावं? याला वाटतं मीच तो! राजाचा झगा सांगतो, घोडा सांगतो, आणि मग राजा म्हणतो जा, मर्दखयला घाल आणि तूच लगाम धर. सर इथं देवानं केलं असं म्हणालेच नाहीत, नुसतं विचारलं की राजा त्या रात्री गाढ झोपला असता तर? आणि गप्प बसले. फॅनचा खडखडाट तेवढा ऐकू येत होता.

पुरीमला हे पुस्तक मोठ्यानं वाचतात आणि हामानचं नाव आलं की गोंगाट करतात, म्हणून शेवटच्या दिवशी आम्ही डब्यांची झाकणं बडवली. नाव पन्नासहून जास्त वेळा येतं, शेजारची काकू तर घामाघूम. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्यू पुरीमला होळीचा सणच म्हणायचे, दोन्ही त्याच सुमारास येतात ना, म्हणजे आपल्याला बोंबा मारायचं काय नवीन नाही. नंतर कुंदा वाटला.

एक स्टार कापला तो नवव्या अध्यायासाठी. तिथं ज्यू उलटून लढतात आणि ७५,००० माणसं मारली असा आकडा आहे, आणि सरांनी तो अध्याय दहा मिनिटांत उरकला. सहाव्याला दीड तास आणि ह्याला दहा मिनिटं? मी हात वर केला तर वेळ संपली म्हणाले. ज्यू वाचले कसे हे एवढं रंगवून सांगायचं तर मेले किती त्यावरही बसायला पाहिजे होतं की. मी नंतर जिन्यात गाठून विचारलं, तेव्हा म्हणाले हा अध्याय मलाही जड जातो. मग हेच वर्गात सांगायचं होतं ना सर.

बाकी जिना उभा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी बघून जा, पार्किंगचा आनंद आहे, आणि झेरॉक्सचं तिसरं पान सगळ्यांचंच पुसट आलंय, ते मागून घ्या.