वर्गासाठी काय घ्यावं: शिक्षकांच्या गळ्यातला माईक की फोनवरची कॅप्शन?

श्रवणयंत्र चांगलं आहे, नीट बसवलेलं आहे, तरी वर्गात अर्धंमुर्धंच कळतं, अशी स्थिती असेल तर दोन पर्याय तुमच्यासमोर आलेच असतील. एक म्हणजे शिक्षकांनी गळ्यात अडकवायचा बिनतारी माईक, ज्याचा आवाज थेट आपल्या यंत्रात येतो. दुसरा म्हणजे बोलणं जागच्या जागी अक्षरांत उमटवणारं फोनवरचं कॅप्शनचं अ‍ॅप. कॉलेजात मी दोन्ही वापरले. माझ्या दोन्ही कानांचा दोष मध्यम ते तीव्र आहे आणि शांत खोलीत समोरासमोर बसून बोललेलं मला यंत्रावर कळतं. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्या बेतानंच वाचायला हवं. ज्यांची रोजची भाषा सांकेतिक आहे त्यांना वर्गात चांगला दुभाषीच हवा. तो विषय वेगळा आहे आणि त्यावर मी बोलणं बरोबर नाही.

आपलं यंत्र कमी पडतं ते अंतरामुळे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनी उतरतो. वर्गात त्यात भिंतींवरून घुमणारा आवाज मिसळतो, आणि पंखा, सरकणारे बाक, शेजारची कुजबुज हे सगळं शिक्षकांपेक्षा कानाच्या जवळ असतं. यंत्र सगळंच मोठं करतं. स्वर ऐकू येतात, पण स, फ, थ असली हलकी व्यंजनं वाटेतच विरतात. वर्गखोल्यांसाठीच्या एएनएसआय एस12.60 या अमेरिकी मानकात मध्यम आकाराच्या रिकाम्या वर्गात गोंगाट 35 डेसिबलच्या आत आणि आवाज घुमण्याचा काळ 0.6 सेकंदाच्या आत असावा असं म्हटलं आहे. मी ज्या खोल्यांमध्ये शिकलो त्या याच्या जवळपासही नसाव्यात.

माईक हे अंतरच काढून टाकतो. हनुवटीखाली वीतभर अंतरावर तो असतो, त्यामुळे शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलले तरी आवाज तसाच स्पष्ट येतो. ओठ दिसत नसताना एखादं वाक्य पूर्ण कळणं म्हणजे काय, हे ज्यांना रोज ओठांवरून अर्थ जुळवावा लागतो त्यांनाच कळेल. दिवसाच्या शेवटी डोकं कमी शिणतं, हा फरक मला सगळ्यात आधी जाणवला.

आता कॅप्शन. त्यांना कमी लेखायचं नाही. गूगलचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब 2019 मध्ये आलं, तेही कर्णबधिरांसाठीच्या अमेरिकेतल्या गॅलोडेट विद्यापीठाच्या सहकार्यानं, आणि तेव्हापासून ही सोय खिशातल्या फोनवर आली. वेगळं उपकरण नको, यंत्रात टी-कॉइल (चुंबकीय लहरींतून आवाज पकडणारी तारेची छोटी गुंडाळी) आहे की नाही ही चौकशी नको. नवी संज्ञा, परकं नाव अक्षरांत दिसलं की डोक्यात पक्कं बसतं. निव्वळ बोलून होणारं व्याख्यान असेल, इतिहास किंवा समाजशास्त्र, तर मी आजही फोन समोर ठेवीन.

माझं अडलं ते फळ्याशी. सर समीकरण सोडवताना म्हणायचे, “हे इथून उचललं, तिकडे नेलं, म्हणून हे शून्य.” अक्षरं उमटायला दोन-तीन सेकंद लागतात. मी “हे” वाचून मान वर करेपर्यंत सरांचं बोट दोन ओळी खाली गेलेलं असायचं. अक्षर न् अक्षर बरोबर उमटलेलं असूनही वाक्याचा अर्थ हाती लागत नसे, कारण अर्थ शब्दांत नव्हता, बोटात होता. जीवशास्त्राच्या आकृत्या, प्रयोगशाळेतली प्रात्यक्षिकं, आलेख, सगळीकडे तेच. वर वही आहेच. फळा, सरांचा चेहरा, फोन आणि वही, चार ठिकाणी दोन डोळे कसे पुरावेत? ऐकणारा विद्यार्थी मान खाली घालून लिहिताना ऐकतो, आपण लिहायला मान घातली की कॅप्शन थांबत नाहीत, पुढे जातात. सरावानं सुधारेल म्हणून मी बरेच दिवस चिकाटी धरली, थोडं सुधारलंही. पण बोट आणि अक्षर यांतलं ते अंतर काही मिटलं नाही. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

चुकीच्या शब्दांचं मी तेवढं मनावर घेत नाही. दोन भाषा मिसळून शिकवताना “बीटा”चं “बेटा” होतं, संदर्भानं ओळखता येतं. मात्र गणितात आकडा चुकला तर ओळखायला संदर्भ नसतो, एवढं ध्यानात ठेवा.

माईकची उणीवही खरी आहे आणि ती मोठी आहे: वर्गमित्र ऐकू येत नाहीत. मागच्या बाकावरून कुणी प्रश्न विचारतो, सर म्हणतात “अगदी बरोबर”, आणि काय बरोबर ते आपल्याला कळत नाही. यावर दोन उपाय मला चालले. शिक्षकांना विनंती करायची की प्रश्न स्वतः एकदा म्हणून मग उत्तर द्या; याचा फायदा सगळ्या वर्गाला होतो. आणि गटचर्चेत माईक हातोहात फिरवायचा. शिवाय ऑडिओलॉजिस्टना, म्हणजे कान तपासून यंत्र बसवणाऱ्या तज्ज्ञांना, स्पष्ट सांगा की माईक चालू असताना यंत्राचे स्वतःचे माईक पूर्ण बंद करू नका, नाहीतर शेजारचा हाक मारील आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही. गळ्यातली साखळी किंवा ओढणी माईकला घासली की कानात नुसती खरखर होते, तेही संकोच न करता पहिल्याच दिवशी सांगावं.

एक गोष्ट मला उशिरा उमगली आणि तिनं पारडं आणखी झुकलं. शेवटच्या बाकावर ठेवलेल्या फोनलाही तेच अंतर आणि तोच गोंगाट आड येतो. आपल्या कानाला जे पोचत नाही, ते त्याच्या माईकलाही धड पोचत नाही. म्हणजे कॅप्शन चांगली हवी असतील तरी शिक्षकांजवळ माईक लागतोच. मग आधी माईकचं बघावं आणि त्याच्या जोडीला कॅप्शन ठेवावी, असं मला वाटतं.

तरी माझं मत सगळ्यांना लागू नाही. शांत खोलीत, जवळून बोललेलंही यंत्रावर किंवा कॉक्लिअर इम्प्लांटवर (शस्त्रक्रियेनं कानात बसवलेल्या उपकरणावर) शब्द म्हणून कळत नसेल, तर माईक तोच अस्पष्ट आवाज जवळ आणून देईल. अशांनी कॅप्शनच धरावी, आणि संस्था तयार असेल तर अ‍ॅपऐवजी माणसानं टंकलेली.

घेण्याआधी माईक काही दिवस वापरायला मागा आणि तो दवाखान्यात नव्हे, स्वतःच्या वर्गात, पंखे चालू असताना लावून पाहा. माईकचा आवाज पकडणारा रिसीव्हर तुमच्या यंत्राला कसा जोडला जाईल, टी-कॉइलवर की थेट, हे तेव्हाच विचारून घ्या. साध्या ब्लूटूथवरून आवाज घेतला तर तो ओठांच्या मागे पडू शकतो. आणि चाचणीला भाषेचा तास निवडू नका. जिथे शिक्षक फळ्यावर बोट ठेवून “हे” आणि “ते” म्हणत शिकवतात, असा तास निवडा. एकदा माईक लावून बसा, एकदा फोन समोर ठेवून, आणि दोन्ही वेळच्या वह्या शेजारी ठेवून बघा.