पेठेतल्या रस्त्यावर गाड्या बंद कराव्यात की फुटपाथ रुंद करावा?

बाजारपेठेच्या सुशोभीकरणाला निधी मंजूर झाला की गावात दोन तट पडतात. एक म्हणतो, गाड्या बंदच करा. दुसरा म्हणतो, फुटपाथ मोठा करा, गाड्या चालू द्या. दोन्हींचे नमुने आपल्याकडे आहेत: दिल्लीचा चांदनी चौक आणि पुण्याचा जंगली महाराज रस्ता. ठराव करण्याआधी दोन्हीकडे चक्कर मारावी, तीही कामाच्या दिवशी, ऐन गर्दीच्या वेळी. उद्घाटनाचे फोटो बघून काही कळत नाही.

चांदनी चौकात लाल किल्ल्यासमोरच्या जैन मंदिरापासून फतेहपुरी मशिदीपर्यंत साधारण १.३ किलोमीटरचा पट्टा २०२१ च्या सप्टेंबरमध्ये नव्या रूपात खुला झाला. सकाळी ९ ते रात्री ९ मोटारगाड्यांना बंदी आहे, सायकलरिक्षा चालतात. डोक्यावरचं तारांचं जंजाळ जमिनीखाली गेलं. हे जमलं त्याला कारण आहे: मेट्रो हाकेच्या अंतरावर आहे आणि माल बंदीच्या वेळेबाहेर उतरवता येतो. तरीही आडगल्ल्यांतून दुचाक्या घुसतातच. बंदीचा फलक लावला म्हणून बंदी होत नाही, तिथे रोज माणूस उभा करावा लागतो. त्याचा पगार कुठल्या खात्यातून निघणार, हे आधी विचारा. आणि सावली बेताचीच असेल, तर मे महिन्याच्या दुपारी मोकळ्या दगडी फरशीवर कोण रेंगाळणार?

जंगली महाराज रस्त्यावर गाड्या हटल्या नाहीत, फक्त त्यांना नेमून दिलेली जागा मिळाली. शेजारचा फर्ग्युसन रस्ता आणि हा, दोन्ही एकेरी, त्यामुळे वाहतुकीला लागते तेवढी रुंदी ठेवून बाकीची पायी चालणाऱ्यांना देता आली. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वं केली, त्यानंतरचं हे काम. मोठी झाडं तशीच ठेवून त्यांच्या आसपास बाकं आली, मुलांना खेळायला जागा झाली. माझ्या मते या रस्त्याचं खरं यश इथेच आहे: संध्याकाळी आजीआजोबा तिथे काहीही विकत न घेता बसलेले दिसतात. उणी बाजूही आहे. फुटपाथ रुंद झाला की दुचाकीवाल्यालाही तो आवडतो, म्हणून खांब रोवावे लागतात.

निविदा काढताना दोन बारीक गोष्टी तपासा. देशातल्या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या म्हणण्याप्रमाणे चालायला किमान १.८ मीटर सलग, अडथळ्याविना जागा हवी. म्हणजे विजेचा डबा, झाडाचं आळं, दुकानाची पायरी वगळून. कागदावर तीन मीटरचा दिसणारा फुटपाथ मोजायला गेलं की हमखास एकावर येतो. दुसरं, प्रत्येक फाटकापाशी फुटपाथ खाली उतरवू नका. तो सपाट ठेवा आणि गाडीला उतारावरून वर चढून जाऊ द्या. नाहीतर चाकाची खुर्ची नि बाबागाडी दर वीस पावलांवर हिंदकळते, आणि शेवटी सगळे रस्त्यावरूनच चालतात.

मग निवड कशी करायची? दोन्ही बाजूंना चालण्याजोगा फुटपाथ काढून मध्ये गाडीला एक मार्ग उरत असेल, समांतर रस्ताही असेल, तर पुण्याचा नमुना घ्या. आपल्या बहुतेक मध्यम गावांना हाच झेपेल. रस्ता इतका अरुंद असेल की फुटपाथ आणि गाड्या दोन्ही बसणारच नाहीत, तर गाड्या बंद करा, पण ठरावीक तासच. दुकानदारांशी आधी बोला. त्यांचा विरोध बहुधा गाडीबंदीपेक्षा टेम्पो कधी येणार, या प्रश्नावर असतो.

तोडफोड करण्याआधी दोरखंड आणि ड्रम लावून प्रयोग करता येतो. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन होतो, तेव्हा लक्ष्मी रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद असतो. पण वर्षातला एक दिवस म्हणजे जत्रा. तुम्ही निदान सलग तीन-चार आठवडे करा, त्यात एक पगाराचा आठवडा येऊ द्या. आधी आणि नंतर पायी येणारी माणसं मोजा, आणि दुचाक्या कुठे लावायच्या ती जागा पहिल्या दिवशीच दाखवा.