कुळथाचं पीठ झकास, आगळ जपून

ठाण्याच्या नौपाड्यातल्या या कोकणमेव्याच्या दुकानात मी दर महिन्याला जाते. कुळथाचं पीठ एक नंबर, पिठलं थेट आमच्या राजापूरच्या चुलीवरचं. आगळात (रातांब्यांच्या, म्हणजे कोकमाच्या फळांच्या रसात) मात्र यंदा मीठ इतकं, की सोलकढी ओतून द्यावी लागली. तक्रार केली तर मालक म्हणाले, "ताई, रातांबे फोडायला गावात माणूस उरलाय कुठं?"

खोटं नाही. २००१ ते २०११ च्या दशकात रत्नागिरी जिल्हा लोकसंख्येत १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आला, सिंधुदुर्गही घटला. तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा १ कोटी १० लाखांवर गेला, त्यात आम्हीही चौघं! आंब्याच्या बागा आता नेपाळी गडी राखतात. आमच्या वाडीतली भातखाचरं पडीकच.

फणसपोळी ठीक. यूपीआय चालतं, सुट्ट्या पैशांवरून कटकट नाही. आगळ घेण्याआधी चाखून बघा.