पॉली, मोनो पर्क, टॉपकॉन की एचजेटी? घरासाठी कुठलं पॅनल घ्यायचं

पॉली, मोनो पर्क, टॉपकॉन, एचजेटी हे पॅनलमधल्या सेलचे, म्हणजे वीज बनवणाऱ्या छोट्या तुकड्यांचे प्रकार. सोलर लावायचं ठरलं की सगळे पहिल्यांदा हेच विचारतात, सगळ्यात जास्त एफिशियन्सी कुठल्या पॅनलची, म्हणजे पडलेल्या उन्हातल्या किती टक्क्यांची वीज होते. आणि गल्लत इथेच होते. ५०० वॅटचं पॅनल हे ५०० वॅटचंच, मग ते १७ टक्केवालं असो नाहीतर २२, दोन्हीची वीज साधारण तेवढीच, फक्त १७ वालं जागा जास्त खाणार. एफिशियन्सी म्हणजे शेवटी जागेचा हिशोब.

म्हणून आधी टेप घेऊन वर गच्चीवर जा. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, कठडा यांची सावली जिथे पडते ती जागा वजा करा, सकाळी एकदा बघा, दुपारी तीननंतर परत बघा, आणि हिवाळ्यात सावल्या अजून लांबतात हे धरून चाला. उरली ती खरी जागा. ३ किलोवॅटसाठी १६ टक्के पॉली घेतलं तर नुसती पॅनलच जवळपास १९ चौरस मीटर होतात, २२.५ टक्के टॉपकॉनला तेच काम १३ च्या थोडं वर होतं. धुवायला, फिरायला जागा लागते ती वेगळीच.

पॉली, म्हणजे ते निळसर दिसणारं, आता नवीन घ्यायचं कारण मला तरी दिसत नाही. पॅनल स्वस्त पडलं तरी नग वाढले की स्ट्रक्चर वाढतं, वायर वाढते, मजुरी वाढते आणि वाचवलेले पैसे तिकडेच जातात.

खरी तुलना मोनो पर्क आणि टॉपकॉनची. पर्क २० ते २१ टक्क्यांच्या आसपास, टॉपकॉन २२ आणि वर. पण मला त्या दीड-दोन टक्क्यांपेक्षा डेटाशीटमधली, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकातली एक बारीक ओळ जास्त महत्त्वाची वाटते, टेम्परेचर कोइफिशियंट ऑफ पीमॅक्स, म्हणजे सेल एक डिग्री जास्त तापला की पॅनलची कमाल पॉवर किती टक्के घटते. छापलेले वॅट सेल २५ डिग्रीला असताना मोजलेले असतात, आणि कडक उन्हात पॅनलच्या मागे हात लावून बघा, टेकवत नाही, सेल सहज ६५ डिग्रीपर्यंत जातात. म्हणजे ४० डिग्री जास्त. पर्कचा आकडा साधारण उणे ०.३५ टक्के प्रति डिग्री, म्हणजे १४ टक्के वीज तिथेच गेली. टॉपकॉन उणे ०.३० च्या आसपास, १२ टक्के. एचजेटी उणे ०.२५, फक्त १० टक्के. ऊन कडक असेल तर हा फरक वर्षानुवर्षं रोज पडत राहतो.

दुसरं म्हणजे झीज. पर्कमध्ये बहुतेक पी-टाइप सिलिकॉन असतं, त्यात बोरॉन मिसळलेलं असेल तर त्याचं ऑक्सिजनशी जमून ऊन लागल्यावर सुरुवातीलाच थोडी पॉवर उतरते, म्हणून वॉरंटीत पहिल्या वर्षी २ टक्के आणि पुढे दरवर्षी ०.५५ टक्के धरतात, २५ वर्षांनी साधारण ८५ टक्के उरतात. टॉपकॉनचं सिलिकॉन वेगळ्या जातीचं, एन-टाइप असल्यामुळे ती भानगड नाही, पहिल्या वर्षी १ आणि पुढे ०.४ टक्के, ३० वर्षांनीही ८७ टक्के.

एचजेटी सगळ्यात चांगलं, पण महाग. जागा अगदीच चिंचोळी आणि उष्णता खूप असेल तरच त्याचा विचार करा. उलट गच्ची ऐसपैस आहे आणि पर्क बऱ्यापैकी स्वस्तात मिळतंय, तर तेच घ्या आणि एक पॅनल जास्त लावा, काही बिघडत नाही.

सावली टाळता येतच नसेल तर हाफ-कट, म्हणजे अर्धे कापलेले सेल असलेलं बघा, त्यात वरचा आणि खालचा अर्धा भाग वेगवेगळा काम करतो, त्यामुळे खालच्या कडेला कठड्याची सावली आली तरी वरचा भाग चालू राहतो. पण पॅनल उभं, म्हणजे लांब बाजू वर-खाली ठेवून लावलं असेल तरच, आडवं लावलं तर तीच सावली दोन्ही भागांवर येते. बायफेशियलसाठी, म्हणजे दोन्ही बाजूंनी वीज बनवणाऱ्या पॅनलसाठी जादा पैसे देताना मागच्या बाजूला उजेड पोचतो का ते बघा. पांढऱ्या गच्चीवर उंच स्ट्रक्चर असेल तर फायदा आहे, उतरत्या छपराला चिकटवून लावणार असाल तर जवळपास काहीच नाही.

वॉरंटी दोन असतात, पॉवरची वेगळी आणि प्रॉडक्टची वेगळी. काच, फ्रेम, जंक्शन बॉक्स बिघडला तर दुसरीच कामाला येते आणि ती बऱ्याचदा खूप कमी वर्षांची असते, ती आधी विचारा. आणि कोटेशनवर नुसतं "टॉपकॉन ५५० वॅट" असं चालवून घेऊ नका, पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या, माल आला की पॅनलच्या मागच्या स्टिकरवर तोच नंबर आहे का ते वर चढवायच्या आधी खालीच तपासा.