डिझेलचं ‘औषध’ आणि माझे ६९,४०० रुपये

मी बी.एस्सी. ॲग्री आहे. हसायचं त्यांनी आत्ताच हसून घ्या.

आमच्या गावापासून पेट्रोल-डिझेलचा पंप ११ किलोमीटरवर. पेरणीच्या तोंडावर तिथं रांगा लागतात, म्हणून दरवर्षी मे महिन्यात २०० लिटरचे दोन ड्रम भरून ठेवतो. गेल्या मे महिन्यात पांढऱ्या गाडीतून दोघं डिझेलचं ‘औषध’ विकायला आले. कंपनीचे टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र. साठवलेल्या डिझेलमध्ये पाणी सुटतं, त्यात जंतू वाढतात, काळा गाळ होतो, असं सांगत होते. यातलं काहीच खोटं नाही. बीएस-सिक्स, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे नियम आल्यापासून, म्हणजे एप्रिल २०२० पासून, डिझेलमधलं गंधक १० पीपीएमवर (दहा लाखात दहा भाग) आलं आणि त्यामुळे ट्रॅक्टरचा इंधनपंप वंगणाविना कोरडा पडतो, हे त्यांचं पुढचं वाक्य. गंधक कमी झालं हे खरं, पण वंगणाची ती उणीव रिफायनरीतच भरून काढतात, हे त्यांनी गिळलं. अर्धं खरं बोलणारा माणूस ओळखायचा कसा, सांगा.

मग प्रात्यक्षिक. माझ्याच ड्रमच्या तळातलं डिझेल काचेच्या बाटलीत घेतलं. खाली बोटभर पाणी स्वच्छ दिसत होतं. त्यांनी झाकणभर औषध टाकलं, बाटली हलवली. पाणी गायब! आई ओसरीवर शेंगा फोडत होती. ती म्हणाली, “आरं, पण पाणी गेलं कुठं?”

मी तिला म्हणालो, “तू गप बस.”

तिथंच थांबायला हवं होतं. डिझेल धुरकट झालं होतं, उजेडाकडे धरलं असतं तर पलीकडचं बोट दिसलं नसतं. दुधात घातलेलं पाणी दिसत नाही, म्हणून ते उडून गेलं असं म्हणतो का कुणी?

अर्ध्या लिटरची बाटली १,४५० रुपये. १२ घेतल्या, १७,४०० झाले. दहा हजार यूपीआयने गेले, तेही कंपनीच्या नव्हे, कुठल्याशा माणसाच्या खात्यावर, ७,४०० रोख. पावती कच्ची. बाटलीवर बॅच नंबर नाही, पत्ता नाही. कीटकनाशकाची बाटली घेताना मी दोनदा एक्सपायरी बघतो, आणि इथं? उन्हातान्हात वखरपाळी चालू होती, घाई होती, दुसरं काय सांगू.

जूनमध्ये पेरणीच्या दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर बंद. मिस्त्रीने फिल्टरखालची वाटी काढून दाखवली. पाणी डिझेलपेक्षा जड, ते एरवी त्या वाटीत बसतं आणि आपण सोडून देतो. औषधाने ते डिझेलात असं मिसळलं की वाटीत थांबलंच नाही, थेट पंपात आणि नोझलमध्ये गेलं. म्हणजे पैसे देऊन मी माझाच पहारेकरी काढून टाकला. पंप-नोझल १४,६००, फिल्टर ७८०, नऊ एकर भाड्याने पेरले त्याचे ८,१००, वाया गेलेलं ३१० लिटर डिझेल ९२ च्या भावाने २८,५२०.

पोलीस ठाण्यात गेलो तर “हे दिवाणी आहे, कोर्टात जा.” कृषी खात्यात गेलो, “खत, बियाणं, औषध असेल तर बोला.” मी म्हणालो, साहेब, औषधच म्हणून विकलंय! ते हसले. वजनमापवाल्यांनी बाटली हातात घेऊन विचारलं, “अर्धा लिटर भरतंय ना?” तहसीलच्या पुरवठा शाखेतला बाबू जेवायला गेला तो चार वाजता आला आणि म्हणाला, तक्रार पंपावरच्या डिझेलची असती तर बघितलं असतं. चार खेपांचं भाडं आणि चार दिवस गेले. ठाण्यात पुन्हा गेलो तेव्हा हवालदार म्हणाला, “शिकलेले दिसता, तुम्ही कसे फसलात?” अर्जाची पोहोच मात्र दिली नाही. तुम्ही पोहोच घेतल्याशिवाय उठू नका. आणि यूपीआयने पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा. मी दीड महिन्याने लावला. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, पण समोरच्याचा पत्ता लागतो. माझ्याकडे आहे एक बंद मोबाईल नंबर.

ड्रम आडोशाला ठेवा. उभा ठेवला की वर पावसाचं पाणी साचतं आणि गार झालं की ड्रम ते बुचातून आत ओढतो. आडवा ठेवा किंवा कलता. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा ड्रम नको. तळातलं चार बोटं डिझेल ट्रॅक्टरला घालूच नका. जंतू मारणारं खरं रसायन मिळतं, पण ते पाणी काढत नाही. पाणी आपल्यालाच काढावं लागतं.

तीन बाटल्या चुलतभावाला मीच दिल्या होत्या, घेतल्या त्याच किमतीत. ते ४,३५० परत केले. त्याचाही पंप गेला. खर्च तो मागत नाही, पण बांधावर भेटला की मान वळवतो.